गवत, गंधसरू आणि दुर्जनाचा उत्कर्ष : हिब्रू काव्यातील वनस्पतिप्रतिमांची चिकित्सा

तौलनिक धर्माध्ययनाच्या परिसंवादांतून एक विधान वारंवार कानी पडते. सर्व धर्मग्रंथांनी ऐहिक वैभवाची क्षणभंगुरता एकमुखाने सांगितली आहे. यशयाचे सुकणारे गवत आणि धम्मपदातील कोमेजून गळणारे फूल ही एकाच सत्याची दोन रूपे आहेत. तेव्हा भेदांचा ऊहापोह कशाला, असे ते विधान होय. वरवर पाहता ते निरुपद्रवी, किंबहुना सौजन्याचे वाटते. परंतु 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या चौथ्या खंडात बाबासाहेबांनी शब्दसाम्यामुळे मूलभूत भेद कसे झाकले जातात, याचीच चर्चा एका स्वतंत्र भागात केली आहे, हे आपल्या वाचकांस स्मरत असेल. जे शब्दांच्या बाबतीत खरे, ते प्रतिमांच्या बाबतीतही खरे आहे, अशी आमची समजूत आहे. किंबहुना प्रतिमेचा धोका अधिक. कारण शब्दाची व्याख्या मागता येते, गवताची कोण मागणार?

आमचे क्षेत्र पालीचे. हिब्रू संहितेकडे आम्ही शेजाऱ्याच्या नात्याने जातो. परंतु शेजाऱ्याच्या घरी गेल्यावर त्याच्या अंगणातील झाड आपल्याच अंगणातील आहे असे समजणे हे काही सौजन्य नव्हे. म्हणून प्रथम ते गवत कोणत्या मातीत उगवले, हे पाहिले पाहिजे.

पॅलेस्टाईनच्या भूमीत पाऊस पडतो तो साधारणतः ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत. उन्हाळा जवळजवळ पूर्णतः कोरडा. हिवाळ्याच्या पावसाने डोंगरउतार हिरवे होतात, रानफुलांनी भरतात. आणि वसंताच्या अखेरीस वाळवंटाकडून येणारा तप्त पूर्ववारा सुटला की अवघ्या काही दिवसांत सारा उतार पिवळा पडतो. आपल्याकडे गवत पावसाळ्यानंतर सावकाश वाळते. आश्विनात सोनेरी होते, मार्गशीर्षात कापणीस येते. तिकडे त्याचा मृत्यू एका झुळुकीसरशी घडतो. हिब्रू कवीला 'खात्सीर' म्हणजे साधे गवत, 'एसेव' म्हणजे वनस्पती, 'देशे' म्हणजे कोवळी हिरवळ, 'त्सीत्स' म्हणजे उमललेले फूल, असे अनेक शब्द हाताशी आहेत. आणि वाऱ्याला शब्द आहे 'रूआख', ज्याचा अर्थ वारा, श्वास आणि आत्मा असा तिहेरी होतो. वारा सुटला आणि परमेश्वराचा श्वास लागला, ही दोन वाक्ये त्या भाषेत एकच होऊ शकतात. त्या काव्यातील गवताचे मरण आपोआप घडत नाही, कोणीतरी ते घडवतो. हा पहिला भेद शब्दकोशातच दडलेला आहे.

त्या काव्याची बांधणीही ध्यानात घ्यावी लागते. १७५३ साली ऑक्सफर्डच्या रॉबर्ट लाउथ यांनी हिब्रू काव्यावरील आपली लॅटिन व्याख्याने प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून चरणांची समांतरता हे त्या काव्याचे मुख्य लक्षण मानले जाते. पहिल्या चरणात जे म्हटले तेच दुसऱ्या चरणात किंचित फिरवून, वाढवून किंवा उलटवून म्हणायचे. असा साचा हाती असला की जगाचे दोन भाग पाडण्याचा मोह आवरणे कठीण जाते. एका चरणात नीतिमान, दुसऱ्यात दुर्जन; एकात झाड, दुसऱ्यात भूस.

स्तोत्रसंहितेचे पहिलेच स्तोत्र याचे उदाहरण आहे. नीतिमान मनुष्य पाण्याच्या पाटांजवळ लावलेल्या झाडासारखा, आणि दुर्जन खळ्यावर उफणताना वाऱ्याने उडून जाणाऱ्या फोलपटासारखा. येथे 'लावलेला' यासाठी 'शातूल' हा शब्द योजला आहे. आपोआप उगवलेल्या झाडास तो लागू पडत नाही, आणून रोवलेल्या रोपाचा तो शब्द आहे. पाण्यासाठीही योजलेला शब्द नैसर्गिक नदीपेक्षा काढलेल्या पाटांकडे झुकतो. हे सिंचनाच्या शेतीतील झाड आहे. यिर्मयाच्या सतराव्या अध्यायात जवळजवळ हेच झाड आढळते. तेथे त्याच्यासमोर वाळवंटातील खुरटे झुडूप उभे केले आहे. मिसर देशातील आमेनेमोपे याच्या उपदेशग्रंथातही तापट माणूस व शांत माणूस यांची दोन झाडांशी तुलना आढळते. तो पॅपिरस १९२३ साली प्रसिद्ध झाला आणि हिब्रू बोधवचनांशी त्याचे साम्य पुढच्याच वर्षी अॅडॉल्फ एर्मन यांनी दाखवून दिले. म्हणजे हे दोन वृक्ष त्या सबंध प्रदेशाच्या सामायिक मालकीचे होते. लावणाऱ्याचे नाव मात्र प्रत्येकाने आपापले घातले.

ब्याण्णवावे स्तोत्र आम्हांस या दृष्टीने अधिक कुशल वाटते. यहुदी परंपरेत ते शब्बाथाच्या दिवसाचे स्तोत्र आहे. त्यात दुर्जन गवतासारखे फोफावतात असे म्हणताना कवीने 'पाराख' हे क्रियापद वापरले आहे. आणि काही ओळींनंतर नीतिमान खजुरीसारखा बहरतो असे म्हणताना पुन्हा तेच क्रियापद. बहरणे दोघांचेही आहे. आज पाहणाऱ्याला दोन्ही हिरवेच दिसतात. भेद काळ दाखवणार आहे. गवताला एक ऋतू, तर खजुरीला आणि लबानोनाच्या गंधसरूला पिढ्यान्‌पिढ्या, म्हातारपणीही फळ. कवी पुढे जाऊन ही झाडे परमेश्वराच्या मंदिराच्या अंगणात लावतो. खजुरी यरीहोच्या उष्ण खोऱ्यातली, गंधसरू लबानोनाच्या थंड उंचीवरला. एका अंगणात दोन्ही वाढणे वनस्पतिशास्त्राला मंजूर नाही. ते अंगण देवाचे असल्यामुळेच वाढतात. येथे कवीने नकळत एक गोष्ट कबूल केली आहे, असे आम्हांस वाटते. नीतिमानाचा टिकाऊ उत्कर्ष पाहायचा तर त्याला मंदिराच्या कुंपणाआत न्यावे लागले. बाहेरच्या उघड्या शेतात तो कवीलाही दाखवता आला नाही.

बाहेरच्या शेतात काय दिसत होते, हे सदतिसाव्या स्तोत्रात पाहावे. हे स्तोत्र वर्णमालेच्या क्रमाने रचलेले आहे, आणि त्याचा सूर घरातील वडीलधाऱ्याचा आहे. दुर्जनांवर जळफळू नका, ते गवतासारखे लवकरच कापले जातील, असा आरंभ. मध्ये कवी साक्ष देतो की आपण तरुण होतो, आता वृद्ध झालो, परंतु नीतिमान टाकला गेला किंवा त्याची मुले भाकरीसाठी भीक मागत फिरली, असे आपण कधी पाहिले नाही. ही साक्ष वाचून आम्ही थबकलो. ज्या माणसाने आपल्या दीर्घ आयुष्यात एकही सज्जन उपाशी पाहिला नाही, तो कोणत्या आळीत राहत होता? गावकुसाबाहेर तर नक्कीच नव्हे. त्याच स्तोत्रात दुर्जन दीनदुबळ्यांवर तलवार उपसतात असे म्हटले आहे, नम्र लोक भूमीचे वारस होतील असेही आश्वासन आहे. ते आम्ही नाकारीत नाही. पण आश्वासन ही एक गोष्ट आणि साक्ष ही दुसरी. खोटी साक्ष आश्वासनालाही उणेपणा आणते.

स्तोत्राच्या शेवटाकडे कवीची दृष्टी त्याच्याच सिद्धांताला दगा देते. दुर्जनाला आपण हिरव्यागार झाडासारखे पसरलेले पाहिले, असे तो म्हणतो. आरंभी जो गवत होता, तो आता वृक्ष झाला आहे. आणि झाडासाठी शब्द आहे 'एझराख', म्हणजे मूळ मातीत वाढलेले, कधीही न उपटलेले, न हलवलेले. हिब्रू धर्मशास्त्रात हाच शब्द परक्याच्या विरुद्ध जन्मजात रहिवाशासाठी वापरला जातो. संहितेचा पाठ या ठिकाणी बिघडलेला आहे व ग्रीक भाषांतरकारांनी तेथे लबानोनाचे गंधसरू वाचले, हे खरे. तेव्हा यावर फार मोठी इमारत उभारता येणार नाही. तथापि दोन्ही पाठांत दुर्जन हा झाडच आहे. आणि हिब्रू पाठ ग्राह्य धरला तर पहिल्या स्तोत्रातील आणून लावलेल्या रोपाशेजारी हे पिढीजात मातीतले झाड उभे राहते. ज्यांना स्वतःची म्हणावी अशी माती कधी मिळाली नाही, त्यांना या दोन झाडांतील फरक समजावून सांगण्याची गरज नाही. कवी पुन्हा तिकडून गेला तेव्हा ते झाड नव्हते, एवढे सांगून तो मोकळा होतो. झाड कोणी तोडले, केव्हा तोडले, तोवर त्याच्या सावलीत कोणाचे पीक करपले, यांपैकी काहीही तो सांगत नाही.

संदेष्ट्यांना हे प्रश्न सुचले, हे त्यांचे मोठेपण मान्य केले पाहिजे. यिर्मया आपल्या बाराव्या अध्यायाच्या आरंभी देवाशी वाद घालतो. दुर्जनांची भरभराट का, एवढेच विचारून तो थांबत नाही. त्यांना लावले कोणी? तूच लावलेस, म्हणून त्यांनी मूळ धरले, म्हणून त्यांना फळ आले, असा त्याचा रोख आहे. लावणाऱ्याचे नाव प्रतिमेत घातले की हा प्रश्न कधी ना कधी येणारच होता. यशयाने पाचव्या अध्यायात द्राक्षमळ्याचे गीत गाइले. मळ्याच्या मालकाने न्यायाची अपेक्षा केली आणि पीक आले रक्तपाताचे, हे सांगताना त्याने हिब्रूत जवळजवळ समोच्चार शब्दांची जोडी वापरली, जी कोणत्याही भाषांतरात टिकत नाही. आणि त्या गीतापाठोपाठ घराला घर व शेताला शेत जोडून देशात जागाच न ठेवणाऱ्यांचा धिक्कार येतो. येथे वनस्पती ही प्रतिमा न राहता जमिनीचा सातबारा होते. शास्त्यांच्या पुस्तकातील योथामाची कथा याच जातीची आहे. झाडे राजा शोधतात; जैतून, अंजीर, द्राक्षवेल नकार देतात; काटेरी झुडूप होकार देते आणि सर्वांना आपल्या सावलीत येण्याची आज्ञा करते. सत्तेविषयी इतकी थोडक्यात आणि इतकी कडू कथा जातकांतही क्वचितच सापडेल.

यशयाच्या चाळिसाव्या अध्यायातील 'सर्व देह गवत' हा विचार तुलनाकारांचा सर्वांत लाडका आहे, म्हणून त्याविषयी थोडे. हा भाग अभ्यासक बाबिलोनमधील बंदिवासाच्या अखेरच्या काळाशी, म्हणजे इ. स. पू. सहाव्या शतकाच्या मध्याशी जोडतात. इ. स. पू. ५३९ मध्ये सायरसने बाबिलोन घेतले. बंदिवानांच्या कानी तेव्हा 'सर्व देह' म्हणजे मुख्यतः बाबिलोनचा देह असाच ऐकू आला असला पाहिजे. १९४७ साली कुमरानच्या गुहेत सापडलेल्या यशयाच्या गुंडाळीत या जागी मूळ लेखनिकाने काही मजकूर गाळला आणि दुसऱ्या हाताने तो ओळींच्या मध्ये भरला. सारखे शब्द दोनदा आल्यामुळे नजर घसरली असावी. किंवा लोक म्हणजे गवत हे स्पष्टीकरण मागाहून घातले गेले असावे. ते काही असो. गवताच्या विरुद्ध टोकाला येथे देवाचे वचन आहे, जे कायम राहते. अनित्याच्या शेजारी नित्य उभे करण्यासाठीच अनित्याचा उच्चार झाला आहे. नव्वदाव्या आणि एकशे तिसऱ्या स्तोत्रातही हेच घडते. सब्बे सङ्खारा अनिच्चा या आपल्या सूत्राशी याचा मेळ घालणाऱ्यांनी निदान हे सांगावे की त्या सूत्राच्या दुसऱ्या चरणात कोणता देव बसला आहे.

आता ईयोबाच्या ग्रंथाकडे वळू. आमच्या मते हिब्रू काव्याची सर्वोच्च कसोटी तोच, आणि आपल्या वाचकांनी मुळातून वाचावा असाही तोच.

कथा सर्वश्रुत आहे. निर्दोष ईयोबाची संपत्ती जाते, दहा मुले मरतात. मुले ज्या घरात होती ते घर वाळवंटाकडून आलेल्या वाऱ्याने कोसळते; म्हणजे गवत सुकवणारा तोच वारा. तीन मित्र सांत्वनाला येतात आणि सात दिवस गप्प बसतात. ते तसेच बसून राहिले असते तर बरे झाले असते. बिल्दद बोलू लागतो आणि पूर्वजांचा हवाला देतो. पूर्वीच्या पिढ्यांना विचार, आपण कालचे, आपल्याला काय कळते? आणि पूर्वजांचे ज्ञान म्हणून तो एक वनस्पतिप्रतिमा सादर करतो. दलदलीवाचून लव्हाळा वाढतो काय? पाणी सरले की न कापताही तो इतर गवताआधी सुकतो. देवाला विसरणाऱ्याचे तसेच होते. यातील एका पाणवनस्पतीचे नाव मूळचे मिसरी आहे, आणि नाईलच्या काठची ती प्रतिमा अत्यंत सुंदर आहे. तेच तिच्यातील विष. कारण या सुंदर प्रतिमेच्या थोडे आधी बिल्ददाने बापाला सांगितले आहे की तुझ्या मुलांनी पाप केले असेल, म्हणून ती गेली. अलीफजही पुढे कच्ची द्राक्षे गाळणाऱ्या वेलीची आणि मोहोर झडणाऱ्या जैतुनाची उपमा देतो. नुकतीच मुले गेलेल्या माणसाला झडलेल्या मोहोराची उपमा!

ही तर्कपद्धती आपल्याला अनोळखी नाही. जो सुकला तो पापी असलाच पाहिजे. पाप दिसत नसेल तर ते लपलेले आहे. त्याने केले नसेल तर मुलांनी केले. या जन्मी नसेल तर मागच्या. उलट्या बाजूने, जो हिरवा आहे त्याचे पुण्य असलेच पाहिजे. या देशात हजारो वर्षे ज्या युक्तिवादाने माणसांना माणुसकीबाहेर ठेवले, तो हाच. बाबासाहेबांनी या जागी बोट ठेवले. मागील जन्मीच्या कर्माने माणसाची आजची स्थिती ठरते, या मताचा उपयोग एवढाच की दीनदलितांच्या स्थितीची जबाबदारी राज्याला आणि समाजाला टाळता यावी, अशा आशयाचे त्यांचे विवेचन आहे. बुद्धाचा कम्मनियम विश्वाच्या नैतिक व्यवस्थेशी संबंधित आहे, व्यक्तीच्या भाग्यदुर्भाग्याशी नाही, हे त्यांनी त्याच ग्रंथात निःसंदिग्धपणे सांगितले. पालीच्या अभ्यासकाने प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे की आपल्या त्रिपिटकातही एक बिल्दद बोलतो. मज्झिमनिकायातील चूळकम्मविभङ्ग सुत्तात अल्पायुष्य, रोग, दारिद्र्य, नीच कुळ यांची कारणे पूर्वकर्मात शोधलेली आहेत. परंतु त्याच त्रिपिटकात संयुत्तनिकायातील सीवक सुत्त आहे, ज्यात सर्व वेदना पूर्वकर्मामुळेच होतात हे मत तथागत खोडून काढतात आणि पित्त, कफ, वात, ऋतुपालट अशी कारणे पुढे ठेवतात. अङ्गुत्तरनिकायाच्या तिकनिपातात तर सर्व काही पूर्वकर्माने, सर्व काही ईश्वराच्या निर्मितीने आणि सर्व काही अकारण, ही तिन्ही मते एका ओळीत उभी करून नाकारली आहेत. कारण तिन्ही माणसाला निष्क्रिय करतात. ईयोबाच्या मित्रांना हे सुत्त ऐकवायला हवे होते.

ईयोब ते न ऐकताच त्याच्या जवळपास पोहोचतो, हे या काव्याचे नवल. एकविसाव्या अध्यायात तो मित्रांना प्रत्यक्ष विचारतो की दुर्जन वाऱ्यापुढच्या भुसासारखे झालेले तुम्ही कितीदा पाहिले? पहिल्या स्तोत्रातील उपमेची ही सरळ उलटतपासणी आहे. दुर्जन म्हातारे होतात, त्यांची घरे सुरक्षित असतात, त्यांचे गुरेढोरे वाढतात. देव त्यांची शिक्षा मुलांसाठी राखून ठेवतो, ही पळवाटही तो बंद करतो. द्यायची तर ज्याची त्याला द्यावी. आणि चोविसाव्या अध्यायात तो दृष्टी वळवतो ती थेट शेताकडे. बांध सरकवणारे जमीनदार; उघडीनागडी माणसे, जी उपाशीपोटी पेंढ्या वाहतात; घाण्यात द्राक्षे तुडवतात आणि तहानलेलीच राहतात. वनस्पतींच्या सर्व उपमा मित्रांनी वापरल्या, पण प्रत्यक्ष पिकाकडे आणि ते काढणाऱ्या हातांकडे पाहिले एकट्या ईयोबाने. दुर्जनाचा मळा हिरवा का, याचे उत्तर त्या पेंढ्या वाहणाऱ्यांच्या पाठीवर आहे. दुर्दैवाने काव्य तेथे थांबत नाही. शेवटी देव वावटळीतून बोलतो आणि शिक्षेचा प्रश्न बाजूला ठेवतो. त्या भाषणातील एक तपशील मात्र आम्हांस मोलाचा वाटतो. जेथे माणूस नाही अशा ओसाड रानात पाऊस पडतो आणि कोवळे 'देशे' उगवते, असे तेथे म्हटले आहे. हे गवत कोणाचे बक्षीस नाही आणि कोणाची शिक्षाही नाही. पुढे गद्य उपसंहारात ईयोबाला दुप्पट संपत्ती परत मिळते. ज्याने कोणी तो उपसंहार जोडला असेल, त्याने बिल्ददाला मागच्या दाराने आत घेतले.

ईयोबाच्या चौदाव्या अध्यायात एक स्थळ आहे, जे आमच्या तुलनेचे मर्म आहे. झाडाला आशा आहे, असे ईयोब म्हणतो. ते तोडले, मूळ जमिनीत जुने झाले, तरी पाण्याचा नुसता वास लागताच त्याला धुमारे फुटतात. माणूस मात्र एकदा पडला की उठत नाही. आता धम्मपदाच्या तण्हावग्गात पाहा. मूळ शाबूत असले तर तोडलेले झाड पुन्हा वाढते, हे तेच निरीक्षण. पण तेथे ती आशा नाही, धोक्याची सूचना आहे. तृष्णेचे मूळ राहिले तर दुःख पुन्हा पुन्हा उगवते. त्याच वग्गात पावसाने वाढणाऱ्या बीरण गवताची उपमा आहे. बीरण म्हणजे ज्याच्या मुळांना आपण वाळा म्हणतो ते गवत. वाळा हवा असणारा जसा मुळे खणतो, तशी तृष्णा खणून काढावी. हिब्रू गवताला मूळच नाही, म्हणून ते दुर्जनाचे चिन्ह. पाली गवताला मूळ फार खोल आहे, म्हणून ते तृष्णेचे. तेव्हा दोन्हीकडे गवत आहे म्हणून बोध एक, असे म्हणणाऱ्यांनी एकदा दोन्ही उपटून पाहावीत.

वैभवाच्या नाशाचे कारणही पाली परंपरेत बाहेरच्या वाऱ्यात शोधलेले नाही. देवदत्ताला मिळालेल्या लाभसत्काराविषयी जी उपमा विनयात आणि निकायांत येते, तिच्यात केळ, वेळू, बोरू यांना त्यांचेच फळ मारते. केळीचा घड उतरला की तो खांब संपला, हे जळगावकडील बागाईतदाराला माहीत आहे. बांबू अनेक वर्षांनी एकदाच फुलतो आणि मरतो, हे गडचिरोलीच्या रानात राहणाऱ्यांनी पाहिले आहे. सन्मान हेच अशा माणसाचे फळ आणि तेच त्याचे मरण. ब्याण्णवाव्या स्तोत्रात फळ ही देवकृपेची खूण होती. येथे फळच घातक ठरते. देवदत्त संघ सोडून गेल्यानंतर उपदेशिलेल्या महासारोपम सुत्तात लाभ, सत्कार आणि कीर्ती यांना झाडाची फांदी व पाने म्हटले आहे. गाभा शोधायला निघालेला माणूस पाने घेऊन घरी जातो. दुर्जनाचीच पाने गळतात असे ते सुत्त म्हणत नाही. पाने सज्जनाचीही असतात, आणि तीही पानेच. उक्काचेला येथे, सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांच्या निधनानंतर, गाभा असलेल्या महावृक्षाच्या मोठ्या फांद्या मोडून पडाव्यात तसे झाले, असे तथागत भिक्खूंना सांगतात. नीतिमानाचे झाड मोडत नाही, असे आश्वासन तेथे कोणालाही दिलेले नाही. मालुवा वेलीची मज्झिमनिकायातील गोष्टही येथे आठवते. सालवृक्षावर चढणाऱ्या त्या वेलीचा कोवळा स्पर्श वृक्षाला प्रथम सुखद वाटतो. दुर्जनाच्या नाशाची वाट पाहत बसणाऱ्यांनी ती एकदा वाचावी. वेल वाढत असतानाचा काळ तेथे सविस्तर सांगितला आहे, जो सदतिसाव्या स्तोत्रात गाळला गेला.

एवढे म्हटल्यावर एकशे एकोणतिसाव्या स्तोत्राविषयी न लिहिणे अन्यायाचे होईल. ते यात्रेच्या वाटेवर गाइल्या जाणाऱ्या गीतांपैकी एक आहे, जेमतेम आठ कडव्यांचे. बोलतो आहे एक पिडलेला जनसमूह. तरुणपणापासून आम्हांला छळले, आमच्या पाठीवर नांगर चालवला, लांबच लांब तास काढले, असे तो सांगतो. येथे दुर्जन हा नांगऱ्या आहे आणि पीडितांची पाठ हे शेत. हिब्रू काव्यातील दुसरी कोणतीही कृषिप्रतिमा आम्हांस इतकी जवळची वाटत नाही. त्यानंतर येते ते छपरावरचे गवत. तिकडची घरे सपाट धाब्याची, मातीच्या छपराची. आपल्या मराठवाड्यात माळवदाच्या घरावर पावसाळ्यात गवत उगवते आणि पाऊस सरला की उपटण्याआधीच वाळते. ते पाहिलेल्यास या ओळींचे भाष्य नको. छळणारे तसे होवोत, असे हे गीत मागते.

यात आणि सदतिसाव्या स्तोत्रात काय फरक, असे कोणी विचारील. आमच्या मते बोलणारा कोठे उभा आहे, हा फरक. तेथे एक सुस्थित वृद्ध इतरांना धीर धरायला सांगतो. येथे ज्याची पाठ नांगरली गेली तोच बोलतो, आणि तो सिद्धांत सांगत नाही, इच्छा बोलून दाखवतो. आपण कधी उपाशी सज्जन पाहिला नाही, असा दावा तो करीत नाही. त्याने पाहिलेले सारे त्याच्या पाठीवर आहे. त्याचे गवतही नेमके आहे. ते सुकते याला कारण आहे, छपरावर मातीच वीतभर असते. ही उंचावर बसलेल्यांची उथळ माती त्याने जवळून पाहिली आहे. कदाचित ते छप्पर लिंपणारे हातही त्याचेच असतील.

आणि शेवटी तो कापणीकडे वळतो. त्या गवताने कापणाऱ्याची मूठ भरत नाही, पेंढी बांधणाऱ्याची ओंजळ भरत नाही. त्या देशात रीत अशी होती की कापणी चालू असता वाटेने जाणाऱ्याने कापणाऱ्यांना आशीर्वाद द्यावा आणि त्यांनी तो परत करावा. रूथच्या पुस्तकात बवाज आपल्या शेतावर येतो तेव्हा हेच घडते. छपरावरच्या गवतापाशी मात्र कोणी थांबत नाही, कोणी काही म्हणत नाही. त्या न उच्चारलेल्या आशीर्वचनापाशीच स्तोत्र संपते.